फ्रीफॉर्म लढाईत समोरचा मरतच नाही! मदत हवी आहे (तातडीने)

देवगडचा_तांडेल
आम्ही दोघं आळीपाळीने पोस्टी लिहून गोष्टीतली लढाई खेळतोय, माझं पात्र एक तांडेल. उद्या रात्री दहाच्या आत पोस्ट टाकायची आहे, नाहीतर माझी पाळी जाते. समोरचा माणूस दर वेळी माझा वार चुकवतो आणि स्वतःचा वार मात्र लागलाच असं लिहून मोकळा होतो. काल लिहिलंय, "तांडेलाचा उजवा हात खांद्यापासून तुटून पाण्यात पडला." माझा हात! मला न विचारता! अॅडमिन म्हणतो आपसात मिटवा. आता एका हाताने वल्हं कसं मारू? की हात परत जागेवर आला असं लिहू? जालीम उत्तर सांगा. प्रवचन नको.

खाडीकाठ
कुठे खेळता, डिस्कॉर्ड की टेलिग्राम? पंच आहे का? फासे आहेत का? काळ कुठला, हत्यारं काय? आणि लढाईआधी काही ठरलं होतं का? तुम्ही फक्त हात तुटल्याचं सांगताय.

देवगडचा_तांडेल
डिस्कॉर्ड. पंच नाही. फ्रीफॉर्म म्हटल्यावर फासे कुठून असणार? काळ कान्होजी आंग्र्यांचा, मी गलबतावर, तो सिद्दीच्या गुराबेवर, म्हणजे मोठ्या शिडाच्या लढाऊ जहाजावर. ठरलं काही नव्हतं. लढाई ठरवून करतात का?

वीस_बाजू
डी-ट्वेंटीचा, म्हणजे वीस बाजूंच्या फाशाचा बॉट बसवा. दोघांनी टाका, मोठा आकडा जिंकला, विषय संपला. आमच्या ग्रुपमध्ये भांडणं शून्य.

मीठभाकर
शून्य, कारण तुमच्या ग्रुपमध्ये माणसंच चार उरलीत. आकडाच बघायचा तर लुडो खेळा की.

तांडेल, त्याने केलं त्याला ऑटोहिट म्हणतात. प्रत्येक वार चुकवत राहणं म्हणजे गॉडमोडिंग. नियम एवढाच की वार आपण लिहायचा, जखम ज्याची त्याने लिहायची. "तलवार खांद्याच्या रोखाने उतरली" इथे थांबायचं. लागली, घासून गेली की हुकली, ते पुढचा ठरवेल. लाज असेल तर दोन-तीन वारांतला एक तरी अंगावर घेईल.

देवगडचा_तांडेल
त्याला लाज नाही हाच तर प्रॉब्लेम आहे.

दफ्तरखाना
हा वाद जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झने 1824 साली युद्धाचा खेळ बसवला, त्यात फासे आणि कोष्टकं होती. अधिकारी कोष्टकं चाळून कंटाळले. मग 1876 मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने सुचवलं की फासे बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. तुमच्या फ्रीफॉर्मचे हे पणजोबा. पण त्यात पंच होता हे विसरू नका. फासे काढले आणि पंचही काढला की उरतो तो नळावरचा तंटा.

बाकी सिद्दीची गुराब जंजिऱ्याहून देवगडाकडे एवढ्या खाली कशाला आली?

देवगडचा_तांडेल
विजयदुर्गला. वाघोटणच्या खाडीत. कशाला आली ते त्याला विचारा, मला हाताचं सांगा!

खाडीकाठ
शेवटच्या तीन पोस्टी डकवा. दोघांच्याही.

देवगडचा_तांडेल
त्याची ही घ्या: "उजाडता उजाडता शिडात वारा भरून गुराब तीरासारखी खाडीत घुसली. एका झेपेत सरदार गलबतावर उतरला आणि तांडेलाचा उजवा हात खांद्यापासून तुटून पाण्यात पडला."

खाडीकाठ
आणि तुमची? "दोघांच्याही" म्हटलं होतं.

हापूस_पायरी
देवगडला आहात तर थेट बागेतून पेटी मिळेल का? कल्याणला पोचवणारा कोणी आहे?

मीठभाकर
अरे इथे माणसाचा हात तुटलाय.

देवगडचा_तांडेल
लाइट गेली होती, म्हणून उशीर. माझी: "अष्टमीचा चंद्र अजून डोक्यावर होता. गुराबेच्या कोठारातली तोफांची दारू रात्री भिजली आहे हे ठाऊक असल्याने तांडेल हसला आणि बेधडक तोफांच्या तोंडासमोर गेला."

खाडीकाठ
कोठारातली दारू भिजल्याचं तांडेलाला कोणी सांगितलं?

देवगडचा_तांडेल
त्यानेच आदल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं ना.

खाडीकाठ
ते तुम्ही वाचलंत. तांडेलाने कुठे वाचलं? तो तर अंधारात गलबतावर बसलाय. याला मेटागेमिंग म्हणतात. त्याची तोफ तुम्ही फुकट बंद पाडलीत, म्हणून त्याने तुमचा हात काढला. आधी कळ तुम्ही काढलीत.

देवगडचा_तांडेल
म्हणजे चूक माझीच? कमाल आहे. मी मदत मागायला आलोय.

वीस_बाजू
फासा असता तर ही वेळच आली नसती.

पेटारो
मी धा वर्सां दशावतारात राक्षस करतंय. आमच्यात लिवलेला काय नसता. पेटाऱ्याकडे बसान ठरवतो आज खयचा आख्यान, मगे संवाद उभ्या उभ्या. युद्धाक पखवाज सुरू झालो की दोघांनी गिरक्यो घेवच्यो, तलवारी आपटवच्यो. पण मरतलो कोण, ता आधीच ठरलेला. समोरच्यान पडूक होया, नायतर मारणारो पहाटेपर्यंत तलवार फिरवत रवतलो आणि लोक उठान घराक जातले. तुमी दोघांनी आधी बोला कोण पडतलो.

मीठभाकर
हे मात्र पटलं नाही. दशावतारात आख्यान पुराणातलं, निकाल पब्लिकला पाठ असतो. इथे निकाल आधीच माहीत असेल तर लिहायची मजा काय?

पेटारो
धा वर्सां मरतंय, मजा कमी नाय जाली.

दर्यावर्दी_५२
लढाईतलं मला कळत नाही, होडीतलं कळतं. चंद्र उजाडताना डोक्यावर म्हणजे वद्य अष्टमी. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची, आठाचे सहा. म्हणजे सहाला भरती पुरी. पहाट तीच. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, उधाणाची नव्हे, पाणी मुळात कमीच चढतं. सहानंतर ओहोटी लागली. आणि पहाटे वारा मतलई, जमिनीकडून दर्याकडे. मग याची गुराब शिडात कुठला वारा भरून खाडीत "तीरासारखी" घुसली? वारा तोंडावर, पाणी उलटं.

दफ्तरखाना
वा! आणि गुराबेच्या मोठ्या तोफा नाळेकडे, पुढे मारा करणाऱ्या. वारा पडला की गुराबा ओढून न्यायला गलबतंच लागत. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही, त्याला वाऱ्याची पर्वा नाही.

देवगडचा_तांडेल
म्हणजे मी लिहू का की गुराब गाळात रुतली आणि फुटली?

खाडीकाठ
नाही!! परत तेच. तुम्ही फक्त पाणी आणि वारा लिहा. रुतायचं की नाही ते तो लिहील. अष्टमी तुम्ही आधीच लिहून ठेवली आहे, त्यामुळे हे मागाहून घुसडलेलं नाही.

हाताचं म्हणाल तर त्याला खाजगीत मेसेज टाका: दारूची ओळ मी मागे घेतो, तू हाताची घे. दोन्ही एकदम. हट्टाने हात परत चिकटवलात तर तो पुढच्या वेळी डोकं काढेल.

मीठभाकर
हात पूर्ण मागे घेऊ नका, जखम ठेवा. डाव्या हाताने सुकाणू धरणारा तांडेल वाचायला जास्त चांगला.

देवगडचा_तांडेल
मेसेज टाकला. "ठीक, पण दारू खरंच भिजलेली होती" असं उत्तर आलं. भिजलेली असू दे, मला काय.

हे टाकतोय, बघा: "खांद्यातून रक्त ओघळत होतं. तांडेलाने सुकाणू डाव्या हातात घेतलं आणि काठावरच्या खडकाकडे पाहिलं. मघाशी पाण्याखाली असलेली कालवांची पांढरी ओळ वर आली होती. मतलई अजून वाहत होता. त्याने वल्हेकऱ्यांना आवाज दिला आणि गलबत गुराबेच्या पिछाडीच्या रोखाने वळवलं."

खाडीकाठ
हे झकास. वळवलं, धडकवलं नाही.

पेटारो
आता तेका पडाक सांग.

दर्यावर्दी_५२
कालवांची ओळ उघडी पडायला सहानंतर तास-दीड तास तरी लागेल. त्याने "उजाडता" लिहिलंय, तुम्ही सुरुवातीला "उन्हं आल्यावर" घाला.

देवगडचा_तांडेल
टाकून झालं हो. एडिट बंद आहे आमच्याकडे. तो "लिहीत आहे" असं वीस मिनिटं दाखवतंय.

हापूस_पायरी
पेटीचं कोणी सांगेल का?