थिअरीच्या पेपरात आंबेडकर का नाहीत?

बोरीचं_झाड:
एम.ए. समाजशास्त्र, पहिलं वर्ष. आमच्या विद्यापीठात सिद्धांताचा पेपर म्हणजे मार्क्स, दुर्खीम, वेबर हे युरोपातले तिघे. फुले-आंबेडकर दुसऱ्या पेपरात, 'भारतीय विचारवंत' म्हणून. म्हणजे त्या तिघांनी मांडला तो सिद्धांत आणि या दोघांनी मांडले ते विचार! ही फारकत मला मान्य नाही.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. वय २५. जातीचं मर्म अंतर्विवाहात, म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न करण्यात आहे, एवढं सांगून ते थांबत नाहीत. नवरा मेला की त्या जातीत एक बाई 'जास्तीची' उरते, बायको मेली की एक पुरुष. या जास्तीच्या माणसांमुळे जातीची कुंपणं मोडू नयेत म्हणून सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह कसे आले, हे ते गणितासारखं पायरीपायरीने दाखवतात. हा सिद्धांत नाही तर काय? वर्गातला पहिला तास या निबंधाचा हवा.

कोरडवाहू:
निबंध थोर आहे, पण पहिल्या तासाला नको. त्यात आंबेडकर सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर या आधीच्या अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या एकेक करून तपासतात. खालच्या जाती वरच्यांचं अनुकरण का करतात हे सांगायला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ टार्डचे नियम घेतात. ही मंडळी कोण हे माहीत नसताना वाचलंत, तर तुम्ही फक्त माना डोलावणार.

आणि फ्रेंच म्हणून दुर्खीमला परका म्हणू नका. मी विदर्भातला. आमच्या गावात शेतकऱ्याने जीव दिला की तालुक्यातून चौकशी होते: नापिकी होती का, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचं का, वसुलीचा तगादा होता का. मग प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र'. पात्र ठरलं तर १ लाख. अपात्र ठरलेल्या घरात मी बसलोय. दुर्खीमचं १८९७ चं आत्महत्येवरचं पुस्तक सरकारी आकड्यांवर उभं आहे, आणि नंतरच्यांनी त्याला विचारलं की मृत्यूला आत्महत्या ठरवतं कोण? तो वाद वाचला तेव्हा कुठे मला तालुक्याची ती यादी वाचता आली. माझ्या गावापर्यंत मी पॅरिसवरून आलो, त्याची मला लाज नाही.

खडू_फळा:
बावीस वर्षं मराठी माध्यमात हा विषय शिकवतेय. तुमचं भांडण क्रमाचं आहे, माझी तक्रार भाषेची. वेबरच्या 'आयडियल टाइप'ला आपण 'आदर्श प्रारूप' म्हणतो. आदर्श गाव, आदर्श शिक्षक ऐकत वाढलेली पोरं दरवर्षी उत्तरपत्रिकेत लिहितात, "वेबर यांच्या मते नोकरशाही आदर्श असावी." वेबर तसं कुठेच म्हणत नाही. तो तुलनेसाठी मनात एक शुद्ध नमुना रचतो, चांगल्या-वाईटाचा त्यात प्रश्नच नाही. पण गाइडमध्ये चार मुद्दे असतात, तेच पाठ होतात. फुले-आंबेडकर पहिल्या युनिटला आणलेत तरी त्यांचेही चार मुद्देच होतील. आधी मूळ उतारे वर्गात मोठ्याने वाचा.

बोरीचं_झाड:
बाई, हे शंभर टक्के पटलं. कोरडवाहू, तुमचंही अर्धं पटलं. पण टार्ड आंबेडकरांसाठी वाचायचा असेल तर दोघांना एकाच आठवड्यात ठेवा ना, वेगळ्या पेपरात कशाला? वरच्यांचं अनुकरण हा मुद्दा आम्हाला समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांच्या १९५२ च्या पुस्तकापासून शिकवतात, 'संस्कृतीकरण' म्हणून. ३६ वर्षं आधी तो कुणी मांडला होता, हे वर्गात कुणीच सांगितलं नाही. याचा मला खरा राग आहे.

आणि पहिल्या तासाचा हट्ट का, तेही सांगते. माझी आजी एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. पुढची साठ वर्षं भावाच्या घरी, चुलीजवळच्या खोलीत. लग्नकार्यात ती आपणहून मागच्या दाराने जायची. 'जास्तीची बाई' हे शब्द वाचले आणि मी वाचनालयातून उठून आईला फोन केला.

कोरडवाहू:
टार्ड आणि आंबेडकर एकाच आठवड्यात, कबूल. दुर्खीमचा तास मात्र त्याआधीच. आणि आजीचं हे ट्युटोरियलमध्ये लिहा, गाळू नका.