मदत हवी आहे: व्यंगचित्रातली तिसरी बाई कोणता देश?

पहिल्या महायुद्धातल्या एका कृष्णधवल व्यंगचित्राचं स्कॅन आहे, त्यात देशांची प्रतीकं म्हणून तीन बायका. खालची ओळ नि सही कापलेली, मूळ प्रत मिळणं अशक्य. त्रिशूळ, शिरस्त्राण, शेजारी सिंह म्हणजे ब्रिटनची ब्रिटानिया. पुढे झुकलेली मऊ टोपी, म्हणजे फ्रान्सची मारियान. तिसरीच्या डोक्यावर मात्र तटबुरुजांचा मुकुट! १९१४च्या एका रशियन पोस्टरवर याच दोघींच्या मधे क्रॉस उंचावलेली रशिया आहे, इथे क्रॉस नाही. मुकुटावरून इटली वाटते, पण तिचा नेहमीचा तारा गायब. इटली असेल तर चित्र बहुधा मे १९१५ नंतरचं, कारण तेव्हा ती या दोघींच्या बाजूने युद्धात उतरली; म्हणून हा खटाटोप. रिव्हर्स इमेज सर्च नुसते पुतळे दाखवतो. असा मुकुट शहरांच्या प्रतीकांनाही असतो. ताऱ्याविना इटली काढत असत का, आणि नसल्यास ही कोण असू शकेल?