मठातल्या आजाऱ्यांना वेगळं स्वयंपाकघर कशाला?

भटकभवानी: शनिवारी इंग्लंडमधल्या यॉर्कशरमधलं फाउंटन्स ॲबी बघून आले, सिस्टर्शियन या कडक ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ, ११३२ चा, आता नुसते पडके दगड उरलेत. जेवणघराला लागून मोठं स्वयंपाकघर आहे ते समजलं, पण पलीकडे स्केल नदीवर बोगदे बांधून त्यावर आजारी साधूंचा भलामोठा हॉल आणि त्याला परत स्वतःचं स्वयंपाकघर. एवढ्या जवळ एक असताना दुसरं कशाला, सूप गार होतं म्हणून?

पोथीवाला: सूप नाही हो, मटण :) संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमात (सिस्टर्शियनही तोच पाळायचे) चार पायांच्या प्राण्यांचं मांस सगळ्यांना बंद, फक्त अगदी अशक्त आजाऱ्यांना अंगात ताकद येईपर्यंत चालेल असं लिहिलंय. मग ते शिजवायचं कुठे? मुख्य चुलीवर शिजवलं तर वास सगळ्या मठात. आपल्याकडे नाही का, घरात मटण चालत नाही म्हणून मागच्या अंगणात वेगळी चूल आणि वेगळी भांडी, तसलाच प्रकार.

दगडमाती: बरोबर, पण नुसतं मांसच नाही. सेंट गॅलचा नकाशा बघा, साधारण ८२० ते ८३० मधला, आदर्श मठ कसा असावा त्याचं चित्र. त्यात आजाऱ्यांना स्वतःचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर आहे, वैद्याचं घर, औषधी वाफे आहेत, शिवाय रक्त काढायला वेगळं घर. धडधाकट साधूंचंही ठराविक वेळाने रक्त काढायचे आणि नंतर थोडे दिवस आराम आणि बरं खाणं.

भटकभवानी: म्हणजे रक्त काढून घ्यायला लाइन लागत असणार 😂

पोथीवाला: हसताय, पण पुढे तसंच झालं जवळजवळ. बेनेडिक्टाइन, म्हणजे त्याच संताच्या नावाच्या जुन्या पंथाच्या मठांमध्ये धट्टेकट्टे साधूसुद्धा वेगळ्या खोलीत मांस खायला लागले, खोलीचं नाव मिसेरिकॉर्ड म्हणजे लॅटिनमध्ये दया! शेवटी १३३६ मध्ये पोप बाराव्या बेनेडिक्टने ते मान्यच केलं, अट एवढीच की त्या दिवशी निम्मे साधू तरी नेहमीच्या जेवणघरात पाहिजेत.

दगडमाती: आणि हा पोप स्वतः सिस्टर्शियन, बरं का.

भटकभवानी: आणि ते बोगदे? नदीवरच कशाला बांधायचं?

दगडमाती: दरी अरुंद आहे, सपाट जागा कमी, मग नदीच झाकून टाकली. आणि संडास थेट खाली वाहत्या पाण्यात, रोग्यांच्या हॉलला अजून काय पाहिजे. खालच्या गावकऱ्यांना विचारलं नसणार म्हणा.