दर्शनी भागासाठी निम्मे अनुदान: भाडेकरू दुकानदाराने अर्ज करावा का? (चर्चामंचावरील संवाद; नावे सदस्यांची टोपणनावे आहेत)

भाडेकरू:
अमेरिकेतील एका शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात मी भाड्याच्या जागेत दुकान चालवतो. दुकानांचे दर्शनी भाग सुधारण्यासाठी शहर प्रशासनाने योजना जाहीर केली आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत मान्य खर्चाचा निम्मा वाटा प्रशासन देणार आणि उरलेला निम्मा दुकानदाराने घालायचा, असे तिचे स्वरूप आहे. इमारत जुनी, विटांची आहे. काही दशकांपूर्वी दर्शनी भिंतीवर ठोकलेले ॲल्युमिनियमचे पत्रे काढून मूळ भिंत मोकळी करावी, दार बदलावे आणि नवी पाटी लावावी, असा माझा विचार आहे. भाडेकराराची मात्र तीनच वर्षे उरली आहेत. अशा स्थितीत अर्ज करणे शहाणपणाचे ठरेल का? शिवाय ऐतिहासिक इमारतींसाठी मिळणारी २० टक्के करसवलत या कामाला जोडून घेता येईल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

दरपत्रक:
अशा अर्जांची छाननी करण्याचे काम मी काही वर्षे केले आहे, म्हणून अर्जदारांची जिथे सर्वाधिक फसगत होते तिथूनच सुरुवात करतो. ‘निम्मे पैसे मिळतील’ याचा अर्थ निम्मे पैसे आधी हातात पडतील असा बहुतेक योजनांत नसतो. काम पूर्ण करायचे, कंत्राटदाराचे संपूर्ण बिल चुकते करायचे, पावत्या आणि छायाचित्रे सादर करायची, पाहणी व्हायची आणि त्यानंतर प्रशासन आपला वाटा परत करते. त्यामुळे समजा २०,००० डॉलरचे काम असेल, तर १०,००० नव्हे, तर २०,००० डॉलर उभे करण्याची तयारी आपल्याला ठेवावी लागेल. दुसरे असे की लेखी मंजुरी हाती येण्यापूर्वी केलेला खर्च सहसा ग्राह्य धरला जात नाही. उत्साहाच्या भरात पत्रे आधीच उतरवून ठेवणाऱ्यांचे अर्ज केवळ या एका कारणाने बाद झालेले मी पाहिले आहेत.

पैसा कुठून येतो, हेही विचारून घ्यावे. तो १९७४ च्या कायद्याने सुरू झालेल्या ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट’ या संघीय (केंद्र सरकारच्या) निधीतून येत असेल, तर खाजगी, नफ्यासाठी चालणाऱ्या व्यवसायाच्या इमारतीत मुख्यतः बाहेरील सुधारणा आणि बांधकाम नियमांच्या भंगाची दुरुस्ती यांसाठीच तो वापरता येतो. आतल्या सजावटीचा खर्च त्यात बसत नाही. त्याचबरोबर २,००० डॉलरहून मोठ्या बांधकाम कंत्राटांना १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा लागू होतो, म्हणजे कामगारांना त्या भागासाठी जाहीर झालेले वेतनदर द्यावे लागतात आणि दर आठवड्याचे प्रमाणित वेतनपत्रक सादर करावे लागते. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की हा नियम अनुदानाच्या वाट्यापुरता नसून संपूर्ण कंत्राटाला लागतो. छोटे कंत्राटदार या कागदपत्रांना कंटाळून एक तर नकार देतात किंवा दर वाढवून सांगतात, आणि अनुदानातला बराचसा लाभ त्या वाढीतच जिरतो. म्हणून दरपत्रके मागवतानाच ही अट स्पष्ट लिहावी.

भाडेकरूला बहुतेक ठिकाणी अर्ज करता येतो, पण मालकाची लेखी संमती लागते. तीन वर्षांच्या कराराबाबत माझे मत विचाराल, तर मुदत वाढवून घेतल्याशिवाय मी पुढे गेलो नसतो. नवी भिंत आणि नवे दार शेवटी मालकाचेच राहणार, आणि त्याच सुधारणेचे कारण देऊन तो पुढे भाडे वाढवू शकतो.

ताळेबंद:
करसवलतीविषयी लिहितो. ती २० टक्के सवलत मिळण्यासाठी इमारत प्रमाणित ऐतिहासिक असावी लागते, ती उत्पन्न देणारी असावी लागते आणि नूतनीकरणाचा खर्च तिच्या समायोजित पुस्तकी मूल्याहून, म्हणजे करहिशेबात घसारा वगैरे वजा जाऊन उरलेल्या मूल्याहून (किंवा ५,००० डॉलरहून, यांपैकी जे अधिक असेल त्याहून) जास्त असावा लागतो. एका दर्शनी भागाचे काम या कसोटीला सहसा उतरत नाही.

याउलट एका गैरसोयीकडे फारसे कोणी पाहत नाही. व्यवसायाला मिळालेले अनुदान साधारणपणे करपात्र उत्पन्न धरले जाते, तर इमारतीचा भाग ठरणाऱ्या बाहेरील कामाचा खर्च ३९ वर्षांच्या घसाऱ्यात विभागला जातो. आतल्या सुधारणांना मिळणारी लवकर वजावट बाहेरच्या कामाला लागू होत नाही. म्हणजे उत्पन्न या वर्षी आणि बहुतांश वजावट पुढच्या कित्येक वर्षांत. कामाचा काही भाग ‘दुरुस्ती’ ठरून त्याच वर्षी वजा होऊ शकत असेल, तर त्याचे देयक वेगळे घ्यावे आणि आपल्या कर सल्लागाराला आधीच दाखवावे.

दार बदलताना ते अपंग व्यक्तींना वापरता येईल असेच बसवावे लागेल, म्हणजे उघडल्यावर किमान ३२ इंच मोकळी रुंदी हवी. लहान व्यवसायांना प्रवेशसुलभतेच्या पात्र खर्चावर, २५० ते १०,२५० डॉलरच्या टप्प्यात, निम्म्या रकमेची वेगळी करसवलत आहे आणि ती भाडेकरूलाही मिळू शकते. फक्त अनुदानातून भागलेला खर्च तिच्यात मोजता येतो का, हे कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

वीटचुना:
मला काळजी वाटते ती पत्र्यांखाली काय निघेल याची. असे पत्रे सपाट बसावेत म्हणून त्या काळी पुढे आलेल्या कंगण्या आणि नक्षी कित्येकदा तोडून टाकलेल्या असतात आणि आधाराचे लोखंडी कोन थेट विटांत ठोकलेले असतात. म्हणून अर्जापूर्वी प्रशासनाची परवानगी घेऊन दोनतीन ठिकाणी पत्रा थोडासा उचलून पाहावा. अन्यथा अंदाजपत्रक म्हणजे निव्वळ कल्पनाविलास ठरेल, आणि मंजूर मर्यादेवरचा सगळा भार आपल्यावर येईल.

भिंत मोकळी झाल्यावर कंत्राटदार वाळूच्या माऱ्याने ती स्वच्छ करण्याचा सल्ला देईल. तो मान्य करू नये. भाजलेल्या विटेचे कठीण बाह्य कवच त्या माऱ्याने उडते आणि आतली मऊ, सच्छिद्र माती पाणी पिऊ लागते. दरजा (विटांमधले सांधे) भरतानाही तसेच आहे: जुन्या मऊ विटांमध्ये कडक सिमेंटचा मसाला भरला की ओलाव्याला दरजेतून बाहेर पडता येत नाही, आणि कालांतराने विटांचेच पापुद्रे सुटतात. चुन्याचे प्रमाण अधिक असलेला, विटेहून मऊ मसाला वापरावा, असे कंत्राटातच लिहून घ्यावे.

दरपत्रक:
वीटचुना यांच्या सूचनेला पुष्टी देतो. निधी संघीय असेल, तर जुन्या इमारतीवरील कामाची १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याखाली तपासणी होते, आणि तिथे वाळूचा मारा लिहिलेला प्रस्ताव हमखास अडतो.

भाडेकरू:
सर्वांचे आभार. उद्या मालकांशी मुदत वाढवण्याविषयी बोलणार आहे. त्यांनी पाच वर्षांची वाढ लेखी दिली, तरच पत्रा उचलून पाहण्याची परवानगी मागेन. निधीचा स्रोत कोणता, याची विचारणा योजनेच्या अधिकाऱ्यांकडे आजच पाठवली आहे.