डँट्झिगचं मोठं काम कुठलं: सिम्प्लेक्स की 1955 चा निबंध?

गणितवेडा
अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँट्झिगचं नाव निघालं की दोनच गोष्टी ऐकू येतात. बर्कलीत वर्गाला उशिरा पोचून, फळ्यावरची न सुटलेली दोन गणितं गृहपाठ समजून सोडवल्याचा किस्सा, आणि 1947 ची सिम्प्लेक्स पद्धत, म्हणजे लिनियर प्रोग्रामिंगची (मर्यादित साधनं सर्वांत फायद्याने कशी वाटायची याची) गणितं पायरीपायरीने सोडवायची रीत. मला विचाराल तर त्याचं खरं मोठं काम म्हणजे रँड कॉर्पोरेशन या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत असताना लिहिलेला, अनिश्चिततेतल्या लिनियर प्रोग्रामिंगवरचा 1955 चा निबंध. निर्णय आज घ्यायचा, मागणी उद्या कळणार, मग कमी-जास्त निस्तरायचं. आणि त्या निस्तरण्याचा खर्च आजच हिशेबात धरायचा. पुढच्याच वर्षी फर्ग्युसनबरोबर त्याने कुठल्या मार्गावर किती विमानं लावावीत हे याच रीतीने मांडलं. सिम्प्लेक्स नुसतं हत्यार.

मोजूनमापून
साफ असहमत. हत्यार नसेल तर नुसत्या प्रश्नाचं लोणचं घालायचं का? असे निर्णय एकामागून एक घ्यायचे असतील, तर प्रत्येक टप्प्याला 3 शक्यता धरा; 20 टप्प्यांत 348 कोटींहून जास्त वाटा होतात. त्या काळच्या यंत्रांनी काय सोडवलं असतं? शिवाय कल्पना एकट्याची नाही. इंग्लंडमध्ये बील नावाच्या गणितज्ञाने 1955 सालीच तेच मांडलं होतं. व्यवहारात सरासरी धरून वर थोडी राखीव ठेवली की भागतं.

रोजचीगाडी
भागत नाही हो. वाहतुकीचं नियोजन हेच आमचं पोट, म्हणून सांगतो. समजा एका फेरीला प्रवासी 50, 100 किंवा 150, तिन्ही शक्यता सारख्या. आसनामागे खर्च 1,000 रुपये, तिकीट 5,000. सरासरी 100 म्हणून 100 आसनं लावलीत तर अपेक्षित नफा सुमारे 3,16,667. तीच 150 लावा, 3,50,000. अनेकदा गाडी अर्धी रिकामी दिसेल आणि साहेब ओरडतील, ते वेगळं.

मोजूनमापून
तिन्ही शक्यता सारख्या हे तुम्हाला कोणी सांगितलं? तिथेच तर सगळी गोम आहे! नवीन मार्ग असेल तर मागचे आकडेच नसतात. म्हणून सॉयस्टर या संशोधकाने 1973 मध्ये वेगळा रस्ता धरला: कुठली शक्यता किती हे ठरवू नका, किती वाईट होऊ शकतं त्याची हद्द आखा आणि त्यात टिकेल असं उत्तर काढा. पुढे बेन-ताल, नेमिरोव्स्की यांनी तो विषय वाढवला.

गणितवेडा
ती हद्द तरी कोण आखतं? तुम्हीच ना! शिवाय सॉयस्टरच्या रीतीने चाललात तर सगळंच एकदम बिघडणार असं धरावं लागतं, आणि भित्र्या उत्तराचा खर्च तुमच्या खिशातून जातो. 2004 मध्ये बर्टसिमास आणि सिम यांनी नेमका त्या खर्चावरच निबंध लिहिला.

तळटीप
कागदावरच राहिलं म्हणणाऱ्यांनी ब्राझील पाहावं. तेव्हा तिथली बहुतेक वीज धरणांतून यायची. पाणी आज वापरायचं की राखायचं, पाऊस तर पुढे कळणार. 1991 मध्ये परेरा आणि पिंटो यांनी यासाठी अशी रीत काढली की सगळ्या वाटा मोजाव्याच लागत नाहीत. 348 कोटींचं भूत तिथेच उतरलं.

मोजूनमापून
त्याच ब्राझीलला 2001 मध्ये विजेचं रेशनिंग करावं लागलं, ते सोयीस्कर विसरलात वाटतं.

तळटीप
विसरलो नाही. पाऊस कमी झालाच, पण नवी वीजकेंद्रं आणि वाहिन्याही वेळेत उभ्या राहिल्या नव्हत्या. धरणात नसलेलं पाणी कुठलं सूत्र वाटून देणार? आणि सरासरी पावसावर विसंबून आधीच धरणं रिकामी केली असती, तर रेशनिंग आणखी आधी आलं असतं की नाही, ते तुम्हीच मांडून दाखवा.