पहिले सिझेरियन असल्यास दुसऱ्या बाळंतपणासाठी कोणते सरकारी रुग्णालय निवडावे? (पालम, जि. परभणी)

गोदाकाठ, पालम तालुका

नमस्कार. माझी धाकटी बहीण दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली असून तिला आठवा महिना चालू आहे. पहिल्या वेळी तिचे सिझेरियन झाले. त्या रात्री आम्हाला एका दवाखान्यातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या ठिकाणी पाठवण्यात आले. पहाटे शस्त्रक्रिया झाली, पण बाळाला आठ दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले. तशी वेळ पुन्हा येऊ नये एवढीच इच्छा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, पालमचे ग्रामीण रुग्णालय, गंगाखेडचे उपजिल्हा रुग्णालय आणि परभणी यांत नेमका फरक कोणता? परभणी जिल्ह्यात राहून नांदेडला गेलेले चालते का? खाजगी दवाखान्याचा खर्च आम्हाला झेपणारा नाही.

निवृत्त परिचारिका, लातूर

दादा, आपण आठव्या महिन्यातच विचारले हे फार बरे केले. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते. ग्रामीण रुग्णालय साधारण 30 खाटांचे आणि उपजिल्हा रुग्णालय 50 किंवा 100 खाटांचे असते, आणि ही दोन्ही जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात. तज्ज्ञ डॉक्टरांची सेवा, म्हणजेच द्वितीय स्तरावरील उपचार, या टप्प्यावर सुरू होतात. घाटी (छत्रपती संभाजीनगरचे सरकारी रुग्णालय), अंबाजोगाई, नांदेड, लातूर ही रुग्णालये मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाची आहेत.

पण ही उतरंड पाठ करून आपले काम होणार नाही. पहिले सिझेरियन असलेल्या बाईच्या गर्भाशयावर जुन्या टाक्यांचा व्रण असतो, आणि कळा सुरू झाल्यावर तो उसवण्याचा धोका थोडा असला तरी असतो. म्हणून ज्या ठिकाणी रात्री दोन वाजतासुद्धा सिझेरियन होऊ शकते, अशाच ठिकाणी तिचे बाळंतपण व्हायला हवे. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्ताची सोय आणि नवजात बाळाचा कक्ष ही चारही एकाच वेळी हजर लागतात. नोकरीच्या काळात मी पाहिले आहे की स्त्रीरोगतज्ज्ञ असूनही केवळ भूलतज्ज्ञ नसल्यामुळे बाईला पुढे पाठवावे लागते, आणि तो तास-दीड तासच जीवावर बेततो. फलकावर रुग्णालयाचे नाव काय आहे यापेक्षा हे चार प्रश्न महत्त्वाचे आहेत. ते कळा सुरू होण्यापूर्वी, दिवसा, स्वतः जाऊन वैद्यकीय अधीक्षकांना किंवा प्रसूती कक्षातील सिस्टरांना विचारावेत.

पहिल्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड जपून आणा. टाका आडवा होता की उभा, आणि सिझेरियन कोणत्या कारणासाठी करावे लागले, यावर डॉक्टरांचा पुढचा निर्णय बराच अवलंबून असतो.

एक रहिवासी, अंबाजोगाई

ताईंनी वैद्यकीय बाजू नीट सांगितली आहे, म्हणून मी फक्त प्रवास आणि खर्चाविषयी लिहितो. सरकारी रुग्णालयाला जिल्ह्याची हद्द आडवी येत नाही. आमच्याकडे परळी, गंगाखेड भागातील रुग्ण नेहमीच येतात, तसेच पालमहून नांदेडला जाता येते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे (2011) सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे, रक्त आणि रुग्णालयातील जेवण मोफत आहे. 102 ची गाडी गरोदर माता आणि नवजात बाळासाठी, तर 108 तातडीच्या प्रसंगासाठी आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत.

एक विनंती आहे. पुढे पाठवलेच, तर संदर्भ चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करायला तिथल्याच डॉक्टरांना सांगा. चिठ्ठी नसली की तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

गोदाकाठ, पालम तालुका

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल आशाताईंना सोबत घेऊन दोन रुग्णालयांत जाऊन आलो. एका ठिकाणी भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावले जातात आणि रात्रीची खात्री देता येत नाही, असे तिथल्या सिस्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले. त्यांचा मला राग आला नाही, उलट आदरच वाटला. दुसऱ्या ठिकाणी चारही गोष्टी आहेत, मात्र ते आमच्या गावापासून दीड तासावर आहे. आता कळा सुरू होण्याची वाट पाहावी की आधीच दाखल करावे, हा प्रश्न उरला आहे.

निवृत्त परिचारिका, लातूर

दीड तासाचा रस्ता असेल तर वाट पाहू नका. याच आठवड्यात तिथे नाव नोंदवा, सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि दाखल होण्याची तारीख डॉक्टरांकडून माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. मधल्या काळात अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, अथवा जुन्या टाक्याच्या जागी सतत दुखू लागले, तर त्या तारखेची वाट न पाहता लगेच 108 ला फोन करा.