डॉक्टर हू : डिस्ने गेलं ते बरंच झालं?

निळी_पेटी

२०२५च्या ऑक्टोबरात बीबीसीने जाहीर केलं की 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेत पैसा घालणारं डिस्ने बाहेर पडतंय. २०२२ साली झालेला करार एकूण २६ भागांचा होता, ते भाग संपले. पुढचं पक्कं असं एकच सांगितलं : २०२६च्या ख्रिसमसला एक विशेष भाग, लेखक पुन्हा रसेल टी. डेव्हिसच. तेव्हापासून चाहते सुतक पाळून बसलेत. मला मात्र हायसं वाटलं. का, त्यासाठी हा धागा.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात : जुन्या लंडनमधल्या निळ्या पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या यानातून काळात भटकणारा एक परग्रहवासी. मरायला टेकला की नव्या चेहऱ्याने उठून उभा राहतो, त्यामुळे नट बदलत बदलत मालिका १९६३ पासून चालत आली. १९८९ला बंद पडली, २००५ला पुन्हा सुरू झाली. शेवटचा डॉक्टर शुटी गाटवा. मे २०२५च्या शेवटच्या भागात तो बदलला आणि समोर उभी राहिली बिली पायपर, म्हणजे २००५ला डॉक्टरची सोबतीण (त्याच्याबरोबर भटकणारं पात्र) रोझ टायलर झालेली नटी. (पुढे सगळीकडे स्पॉयलर आहेत, आधीच सांगते.)

तर मोठा पैसा आल्यावर काय झालं ते बघा. ओमेगा हा खलनायक १९७२-७३च्या कथेत पहिल्यांदा आला. हजारो वर्षं एकटा अडकून पडलेला. शेवटी त्याचा मुखवटा वर उचलतात तर आत डोकंच नाही, सगळी पोकळी. शरीर केव्हाच झिजून गेलंय, उरलीये ती फक्त इच्छाशक्ती. खर्च किती? एक रिकामं शिरस्त्राण. तोच ओमेगा २०२५ला परत आणला, तर संगणकावर बनवलेला अवाढव्य सांगाडा. आला, रानी नावाच्या एका खलनायिकेला गिळलं, आणि काही मिनिटांत डॉक्टरने बंदुकीसारखं काहीतरी रोखून त्याला परत ढकललं. आदल्या वर्षी १९७५चा खलनायक सुतेख आणला होता, तोही भलामोठा कुत्रा होऊन टार्डिसवर, म्हणजे डॉक्टरच्या यानावर, चढून बसला होता. शिळ्या कढीला किती ऊत आणायचा?

आणि याच डेव्हिसने २००८ साली 'मिडनाइट' हा भाग लिहिला होता. एक बंद गाडी, सात-आठ प्रवासी. राक्षस एकदाही दिसत नाही. एक बाई इतरांचं बोलणं पुन्हा बोलू लागते, मग त्यांच्यासोबत बोलू लागते, आणि मग डॉक्टरच्या आधी. बस्स, एवढंच. अर्ध्या तासात ती सभ्य माणसं डॉक्टरला गाडीबाहेर फेकायला निघतात. गाडीतल्या ज्या होस्टेसने स्वतःचा जीव देऊन सगळ्यांना वाचवलं तिचं नाव काय, असं डॉक्टर शेवटी विचारतो, तर एकालाही माहीत नसतं.

माझं म्हणणं : कमी पैशात, वर्षाला सहा सुट्या कथा. जुने खलनायक पाच वर्षं कुलपात. डॉक्टरच्या जन्माची गुपितं बंद. आणि लेखक नवे.

थेम्सकाठचा

धागा छान, पण साफ असहमत. गरिबीचं कौतुक करणं लांबून सोपं असतं. आम्ही इथे बीबीसीची लायसन्स फी भरतो (२०२५ला वर्षाला १७४.५० पौंड), तेव्हा कमी पैशात करा म्हणजे काय ते आम्हाला कळतं. कमी पैशात सहा भाग होणार नाहीत, चार होतील, आणि तेही दीड वर्षाने.

मालिकेचं खरं दुखणं गोष्टी नाहीत, संख्या आहे. २००५ला एका मोसमात १३ भाग होते. पीटर कपाल्डी डॉक्टर होता त्या वेळी १२, जोडी व्हिटेकर डॉक्टर होती त्या वेळी १०, गाटवाच्या वेळी ८. गाटवाला नव्या सोबत्याशी धड मैत्री करायला वेळ मिळत नाही, तोवर शेवटचे दोन भाग येऊन जग बुडायला लागतं. त्यात २०२४ला भाग ब्रिटनमध्ये मध्यरात्री ऑनलाइन टाकायचे आणि संध्याकाळी टीव्हीवर. ही मालिका शनिवारी संध्याकाळी पोरांनी सोफ्यामागे लपून बघायची. मध्यरात्री कोणतं पोर जागं असतं हो?

निळी_पेटी

@थेम्सकाठचा, मध्यरात्रीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो हट्ट कुणासाठी होता? जगभर एकाच वेळी दाखवायचं म्हणूनच ना? म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय.

खोडरबर

दोघांचंही चूक. मालिका सरळ बंद ठेवा. सात-आठ वर्षं.

१९८९ ते २००५ या काळात टीव्हीवर १९९६चा एक चित्रपट सोडला तर काहीच नव्हतं. पण त्याच काळात कादंबऱ्या आल्या, १९९९पासून बिग फिनिश या कंपनीची श्राव्यनाट्यं आली. पॉल कॉर्नेलच्या १९९५च्या कादंबरीवरून २००७चा 'ह्यूमन नेचर' झाला. रॉब शिअरमनच्या श्राव्यनाट्यातून २००५चा 'डालेक' आला. टीव्हीवाल्यांचं लक्ष नव्हतं म्हणून ही मंडळी बिनधास्त लिहीत होती. डेव्हिस आणि त्याच्यानंतरचा मुख्य लेखक स्टीव्हन मॉफट तरी कुठून आले? चाहत्यांमधूनच. शेत पडीक ठेवल्याशिवाय कस येत नाही.

मधली_सुट्टी

खोडरबर काका, पडीक शेताचं ठीक, पण आधी १९८५ आठवा. तेव्हाही बीबीसीने 'थोडी विश्रांती' म्हणून मालिका दीड वर्ष थांबवली. परत आली ती १४ भागांवर, मग तेव्हाचा डॉक्टर कॉलिन बेकरला काढलं, मग दुसऱ्या वाहिनीवरच्या लोकप्रिय 'कोरोनेशन स्ट्रीट' मालिकेसमोर नेऊन बसवलं आणि चार वर्षांत गुंडाळली. विश्रांतीला पाठवलेला माणूस नोकरीवर परत येतोच असं नाही.

शिवाय १९८९ला जे चाहते उरले होते ते २६ वर्षं दर वर्षी मालिका बघून तयार झालेले होते. आज दहा वर्षांच्या मुलाने काय पाहिलंय? सात-आठ वर्षं बंद ठेवलीत तर २०३३ला कादंबऱ्या लिहायला कोण उरणार? तुम्ही आणि मी? देवा.

लसावि

ते सगळं जाऊ दे, बिली पायपर डॉक्टर आहे की नाही?

थेम्सकाठचा

श्रेयनामावलीत बाकी डॉक्टरांच्या वेळी 'डॉक्टरच्या भूमिकेत' असं येतं. तिच्या वेळी नुसतं 'आणि बिली पायपरची ओळख' एवढंच. म्हणजे मुद्दाम भिजत घोंगडं. पुढचा निर्णय होईना, तेव्हा दार अर्धवट उघडं ठेवलं.

उलटा_प्रवाह

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मालिका बुडाली ती उपदेशामुळे. प्रत्येक भागात काहीतरी सामाजिक शिकवण. लोक शनिवारी करमणुकीला बसतात, प्रवचनाला नाही. २००५चा पहिला भाग एक कोटीच्या वर लोकांनी पाहिला होता. आता आकडे बघा.

मधली_सुट्टी

@उलटा_प्रवाह, जोडी व्हिटेकरचा २०१८चा पहिला भागही एक कोटीच्या वर गेला होता. म्हणजे बाई डॉक्टर झाली म्हणून लोकांनी टीव्ही बंद केला नाही. आले, बघितलं, आणि कथा न आवडल्याने हळूहळू गेले. आकडे घ्यायचे तर दोन्ही घ्या.

आणि शिकवण म्हणाल तर मालिका सुरूच झाली ती मुलांना इतिहास-विज्ञान शिकवायला. पहिल्या सोबत्यांपैकी दोघे शाळामास्तर होते, एक विज्ञानाचा, एक इतिहासाची. पहिली निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, तेव्हा बीबीसीच्या नाट्यविभागातली एकमेव स्त्री निर्माती. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसैन, जन्म लखनौचा. १९६३ सालच्या लंडनमध्ये! हे तेव्हाही कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलंच असणार.

उलटा_प्रवाह

पडद्यामागे कोण होतं याबद्दल मी बोललोच नाही. पडद्यावर पात्र थांबून भाषण देतं त्याबद्दल बोलतोय. १९६४च्या 'अॅझ्टेक्स'मध्ये बार्बराला, म्हणजे त्याच इतिहासाच्या शिक्षिकेला, लोक देवी समजतात, ती नरबळी थांबवायला जाते आणि हरते. संपलं. भाषण नाही. बघणाऱ्याच्या घशात अडकतं ते अडकतं. ते तुम्हाला चालत असेल तर आपलं भांडणच नाही.

निळी_पेटी

अरे वा, हे तर मला हवंच आहे! राक्षस नसलेल्या शुद्ध ऐतिहासिक कथा १९६६-६७च्या सुमारास जवळजवळ संपल्याच. पुढे १९८२ला एक झाली, तीही दोन भागांची. इतकं मोठं दालन बंद करून ठेवलंय.

त्याच्या सगळ्यात जवळ अलीकडे कोण गेलं असेल तर २०१८चा 'डीमन्स ऑफ द पंजाब'. लेखक विनय पटेल. ऑगस्ट १९४७, डॉक्टरची सोबतीण यास्मिनची आजी उम्ब्रीन तरुण आहे आणि प्रेम नावाच्या हिंदू मुलाशी लग्न करतेय. परग्रहावरचे दोघे येतात, आपल्याला वाटतं खुनी हेच. निघतात भलतेच : एकेकटे मरणाऱ्यांच्या जवळ शेवटच्या क्षणी कुणीतरी असावं म्हणून ते येतात. खुनी कोण, तर प्रेमच्या सख्ख्या भावाने बोलावून आणलेली माणसं. डॉक्टरला पाठ फिरवून चालत जावं लागतं, मागून गोळीचा आवाज येतो. फाळणीवर इतकं हिंदी-पंजाबीत पाहिलंय, तरी ही चाल मला नवीन होती. त्या भागाचं शेवटचं संगीतसुद्धा आपल्याकडच्या गळ्यावर बांधलंय, तेवढ्यासाठी तरी बघा.

थेम्सकाठचा

तो भाग स्पेनमध्ये जाऊन चित्रित केलाय, ताई. तुमच्या 'कमी पैशात' कुठे बसतो तो?

निळी_पेटी

पैसा शून्य करा असं कुठे म्हटलं मी? आकाशातल्या सांगाड्यावर घालू नका, एवढंच.

खोडरबर

पण 'जुने खलनायक कुलपात' हा नियम मला पटत नाही. 'मिडनाइट'चंच उदाहरण देता आणि २०२५चा 'द वेल' विसरता? त्यात तोच मिडनाइट ग्रह लाखो वर्षांनी परत येतो, आणि मोसमातला सर्वात भीतीदायक भाग तोच आहे. ऐकू न येणारी अॅलिस एकटी जिवंत बसलीये आणि तिच्या पाठीमागे काहीतरी आहे. समोरच्याला ते क्षणभर दिसल्यासारखं वाटतं, तिला वळूनही दिसत नाही. तिच्यामागे फिरून जायचा प्रयत्न करणारा मरतो. ही शिळी कढी होती का?

निळी_पेटी

नव्हती. पण फरक बघा. 'द वेल' पाहायला 'मिडनाइट' पाहिलेला असायची गरज नाही, भीती तिथल्या तिथे तयार होते. ओमेगा कोण हे माहीत नसेल तर त्या शेवटच्या भागात तुम्हाला फक्त एक मोठं हाडूक दिसतं. नावावर टाळ्या घ्यायच्या असतील तर कुलूपच बरं.

शून्यशेष

मूक वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितोय. गाटवाच्या दोन मोसमांवर सगळे तुटून पडलेत म्हणून. 'डॉट अँड बबल'चा शेवट बघा : डॉक्टर त्या श्रीमंत पोरांना वाचवायला हात पुढे करतो, आणि ती त्याच्या रंगामुळे नकार देऊन मरायला निघून जातात. गाटवा तिथे आधी हसतो, मग ओरडतो. लागोसच्या न्हाव्याच्या दुकानातला 'द स्टोरी अँड दि इंजिन' बघा, इनुआ एलम्सने लिहिलेला. एक दुकान, चार-पाच गिऱ्हाईकं आणि गोष्टी. निळी_पेटी जे मागताय ते डिस्नेच्या पैशात, डिस्नेच्या काळातच झालंय. तेव्हा डिस्ने गेलं म्हणून ते आपोआप होईल हे कशावरून? उद्या पैसा नसेल तेव्हा बीबीसी घाबरून पहिल्यांदा जुने खलनायक डालेकच बाहेर काढणार. त्यांचे सांगाडे गोदामात तयार आहेत.

मधली_सुट्टी

+१. हा आतापर्यंतचा सर्वात चांगला प्रतिसाद. पैसा कमी झाला की धाडस वाढतं हे कोणी सांगितलं? बहुतेक वेळा उलटंच होतं.

निळी_पेटी

@शून्यशेष, लागोसच्या भागाबद्दल काहीच बोलू शकत नाही, तो मलाही फार आवडतो. पण मग मोसमाचा शेवट त्याच माणसांना लिहायला का देत नाहीत? मधले भाग नव्या लेखकांचे आणि शेवट दर वेळी मुख्य लेखकाचाच, ही प्रथा २००५पासून चालत आलीये. ती मोडा. एका वर्षी शेवटचा भाग एलम्सला द्या आणि डेव्हिसला तिसरा भाग द्या.

थेम्सकाठचा

मग आधी एवढं सांगा : तुमचे ते सहा भाग कोणत्या वारी, किती वाजता, आणि मध्ये किती वर्षांचं अंतर? बीबीसीला आखूडशिंगी, बहुदुधी गाय हवीये. तुम्हालाही तीच हवीये, फक्त दूध वेगळं.

उलटा_प्रवाह

शनिवार, सहा वाजता, दर वर्षी. माझं आणि निळी_पेटीचं एवढ्यावर तरी एकमत असावं.

निळी_पेटी

आहे. सव्वासहा.

लसावि

बिली पायपरचं कोणी सांगणार आहे का?